पहिल्या ‘नाही’नंतर काय होतं?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत. ‘तसं सगळं छान आहे, पण...’ अशी सुरुवात आणि पुढची दोन पानं त्या ‘पण’ची. काहींनी सोबत मोबाइलवर फिरणारी एखादी यादीही जोडली आहे, ‘नात्यातले धोक्याचे इशारे’ छापाची. आमच्याकडे यातले चार जुळतात, आता काय करू, असा प्रश्न. मला अशा याद्यांचं वावडं नाही, पण त्यांच्यावर विसंबून कुणी नातं तोडू नये आणि टिकवूही नये. अमुक गोष्ट एकदा घडली, एवढ्यावरून फारसं कळत नाही. ती वाढत चालली आहे का, आणि तुम्ही अडवायला गेलात की पुढे काय होतं, यावरून बरंच कळतं. पाच पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी आमची ओळख झाली. तिसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, ‘तुझ्याआधी मी जगतच नव्हतो.’ दिवसभर मेसेज, रात्री झोप लागेपर्यंत फोन. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझी एक जुनी मैत्रीण त्याला खटकते. ‘ती तुझा वापर करून घेते’ म्हणतो. मध्यंतरी मी ऑफिसातल्या लोकांबरोबर बाहेर गेले, तर दोन दिवस बोलला नाही. मग रडला, माफी मागितली, भेटवस्तू घेऊन आला. तेव्हापासून कुठेही गेले की तिथला फोटो पाठवून देते, म्हणजे वाद नको. त्यानं आजवर आवाजसुद्धा चढवलेला नाही, हात उगारणं तर लांबच. मैत्रिणी म्हणतात, सांभाळ. तो म्हणतो, त्या जळतात. मनात पाल चुकचुकते, पण नेमकं बोट कशावर ठेवू?

उत्तर : बोट तू ठेवलंच आहेस, ‘म्हणजे वाद नको’ या तीन शब्दांवर. तुझ्या पत्रावरून वाटतं की फोटो पाठव असं त्यानं कधी सांगितलेलं नसावं. दोन दिवसांच्या अबोल्यानं ते काम परस्पर झालं. तू स्वतःच एक नियम केलास आणि पाळायलाही लागलीस. वरकरणी कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, तरी एका माणसाचं फिरणं दुसऱ्याच्या मर्जीवर आलं. उद्या फोटो न पाठवता कुठे जायचं ठरवलंस, तर पोटात गोळा येईल का? हा एक प्रश्न मला त्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

तो तुझ्यावर प्रेम करतो की नाही, या वादात मी पडणार नाही. करतही असेल. तुझा होकार असतो तेव्हा माणूस कसा वागतो, याला माझ्या लेखी फार किंमत नाही. तेव्हा सगळेच गोड असतात. तू एखाद्या लहानशा गोष्टीला ‘नाही’ म्हणालीस की पुढचे दोन दिवस कसे जातात, ते बघ. समज, तू मेसेज केलास, ‘आज भेटायला जमणार नाही, थकले आहे.’ एक उत्तर असं येऊ शकतं, ‘अरेरे, मी वाट बघत होतो. बरं, झोप. उद्या बोलू.’ त्यात हिरमोड आहे, तो त्यानं लपवलेलाही नाही, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपलेला असतो. दुसरं उत्तर असं येतं, ‘हो का. ठीक आहे.’ अर्ध्या तासानं, ‘मैत्रिणींबरोबर जायचं असलं की थकवा येत नाही बरं.’ मग, ‘जाऊ दे, माझंच चुकतं, मीच जास्त जीव लावतो.’ त्यानंतर तू लिहीत राहतेस, तो वाचतो आणि उत्तर देत नाही. रात्री बारा वाजता तू माफी मागतेस. हा संवाद दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून बघ. थकलेली तू होतीस आणि माफीही तूच मागितलीस.

दुखावणं आणि शिक्षा देणं यांत फरक आहे आणि तो ओळखता येतो. दुखावलेला माणूस सांगतो, ‘मला वाईट वाटलं.’ शिक्षा देणारा तुला ते ओळखायला लावतो आणि तू पुरेशी वरमेपर्यंत थांबतो.

वेगाबद्दल लिहिलं आहेस म्हणून सांगते, घाईनं प्रेमात पडणं हा काही गुन्हा नाही. तिसऱ्या आठवड्यात आणाभाका घेणारी आणि पुढे सुखानं नांदणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘जरा सावकाश जाऊ या’ म्हटल्यावर तो सावकाश होतो की ‘म्हणजे तुझं माझ्यावर तेवढं नाहीच’ असं म्हणतो, एवढंच बघायचं. मैत्रिणीचंही तसंच. एक मैत्रीण न आवडणं यात काही नाही. उद्या बहीण आगाऊ, परवा सहकारी उथळ, तेरवा आई कान भरते, असं एकेकाचं नाव यायला लागलं तर मात्र त्या सगळ्यांत समान काय आहे ते शोध. बहुतेक वेळा ते इतकंच असतं की तुझं त्यांच्याशी बोलणं आहे.

‘हात उगारलेला नाही’ हे वाक्य मला येणाऱ्या अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. जणू तेवढी एक पायरी ओलांडली नाही की बाकी सगळं माफ. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात, जोडीदाराचा छळ सोसलेल्या बायकांच्या गटांशी बोलून १९८४ मध्ये एक आकृती तयार झाली. समुपदेशक ती आजही वापरतात. आकृती चाकाची आहे. मधे सत्ता आणि ताबा. आऱ्यांच्या जागी धाक, एकटं पाडणं, पैशाची नाडी हातात ठेवणं, झालेलं किरकोळ म्हणून उडवून लावणं, दोष तुझ्याच माथी मारणं. मारहाण आहे ती बाहेरच्या लोखंडी धावेवर. म्हणजे धाव चढायच्या आधीही आरे असू शकतात. इव्हान स्टार्क या अभ्यासकानं २००७ मध्ये हेच विस्तारानं मांडलं. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय घालायचं, किती खर्च करायचा, या रोजच्या बारीकसारीक गोष्टींवरचा ताबा हाच मूळ छळ, मारहाण हे त्याचं एक साधन, असं त्याचं म्हणणं. पुढे इंग्लंड आणि वेल्सनं २०१५ च्या कायद्यात जोडीदारावरचा असा सततचा ताबा हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, त्याला पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. तुझा मित्र गुन्हेगार आहे असं मी म्हणत नाही. आवाज न चढवताही हे होऊ शकतं, एवढं तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.

अबोल्यानंतर रडणं, माफी, भेटवस्तू, आणि मग ते दोन-तीन दिवस इतके छान की आधीचं खोटं वाटावं. इथेच माणूस सर्वांत घट्ट बांधला जातो. बक्षीस दर वेळी न मिळता कधी मिळतं, कधी नाही, तेव्हा ते मिळवायची सवय सुटायला फार जड जाते, हे प्रयोगशाळेत फार पूर्वीच दिसून आलं होतं. छळ आणि माया यांच्या आलटूनपालटून येण्यानं जडणाऱ्या ओढीवर डटन आणि पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लिहिलं. तेव्हा ‘एवढी शिकलेली मी, मला कळत कसं नाही’ असं स्वतःला लावून घेऊ नकोस. याचा शिक्षणाशी संबंध नाही. वयाशीही फारसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, नात्यात असलेल्या १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी जवळजवळ चौघींत एकीनं तोवर जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते.

आता काय करायचं? येत्या दिवसांत एखाद्या खऱ्याखुऱ्या लहान गोष्टीला ‘नाही’ म्हण. मुद्दाम नाटक नको, आणि कारणांची लांबण लावू नको. पहिल्या पाच मिनिटांत तोंड वाकडं कुणाचंही होतं, ते सोडून दे. दोन दिवस बघ. जे घडेल ते तारखेसकट लिहून ठेव, त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी. माफी झाली की आठवणीच्या कडा बोथट होतात, लिहिलेलं तसंच राहतं. त्या जुन्या मैत्रिणीला एकटीनं भेट आणि त्याच्याबद्दल निवाडा न मागता तिला फक्त सगळं सांग. एकत्र राहायला जाणं, लग्न, दोघांच्या नावावर कर्ज, यातलं काहीही सध्या नको. आणि ‘नाही’ म्हणायच्या नुसत्या कल्पनेनंच धडधडत असेल, तर ही परीक्षा घेऊच नकोस. तिचा निकाल लागलेला आहे, असं समज.

त्याचं बालपण कसं गेलं, त्याला आधी कुणी दुखावलं, याचा अभ्यास तू करत बसू नकोस. तो त्याला करायचा असेल तर तो करील.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा पुरुष आहे. आधीच्या नात्यात माझी फसवणूक झाली होती. आताच्या जोडीदारावर माझा विश्वास आहे, पण ती झोपली की मी तिचा फोन बघतो. आजवर काही सापडलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिला ते कळलं. ती भांडली नाही. ‘मला घुसमटल्यासारखं होतं’ एवढंच म्हणाली आणि लोकेशन शेअर करणं बंद केलं. त्यामुळे मला जास्तच शंका यायला लागली आहे. मी वाईट माणूस आहे का?

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर देऊन काही साधणार नाही. ‘हो’ म्हटलं तर तुम्ही स्वतःची कीव करत बसाल, ‘नाही’ म्हटलं तर सुटलो म्हणाल. दोन्हींतून तिला काही मिळत नाही. पत्र लिहिलंत, हे मात्र चांगलं केलंत. या बाजूनं लिहिणारे फार कमी असतात.

शंका मनात येणं तुमच्या हातात नाही. फोन उचलणं आहे. फोन पाहिला की घटकाभर जीव भांड्यात पडतो, आणि म्हणूनच दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावासा वाटतो. घासून घासून हात धुणाऱ्याचं जे होतं, तेच. एवढे दिवस काही सापडलं नाही आणि तरी शंका कमी झाली नाही, यातून तुम्हाला काय कळायला हवं होतं? की माहिती हा यावरचा उतारा नाही. तिनं उद्या सगळे पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवले, तरी तुम्हाला झोप येणार नाही.

मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या ओळींची. तिनं लोकेशन बंद केलं, म्हणजे तिच्या परीनं ‘इथवर बस’ असं सांगितलं. तुम्ही तो नकार पुरावा म्हणून वाचलात. इथून पुढची वाट सरळ उतरणीची आहे. उद्या तुम्ही म्हणाल, ‘लपवण्यासारखं काही नसेल तर चालू कर.’ परवा म्हणाल, ‘तूच मला असं वागायला लावतेस.’ चोराच्या उलट्या बोंबा आपल्याला ठाऊक आहेत. जेनिफर फ्रायड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये तो क्रम शास्त्राच्या भाषेत मांडला. आधी नाकारायचं, मग समोरच्यावर उलटायचं, आणि शेवटी पीडित मीच म्हणून उभं राहायचं. तुम्ही अजून त्या टोकाला गेलेला नाहीत. पत्रात ‘तिला कळलं’ असं लिहिलंत, ‘तिनं मला पकडलं’ असं नाही, त्यावरून मी थोडी आशा धरते. (पत्रं वाचता वाचता असल्या बारकाव्यांवर नजर जायची सवयच लागते.)

तिच्याशी एकदा बोला आणि बोलणं आखूड ठेवा. ‘मी तुझा फोन बघत होतो. ते चूक होतं. आता बघणार नाही.’ आधीच्या नात्याची कहाणी त्यात घालू नका, ती तिनं ऐकलेली आहे. लोकेशन पुन्हा चालू करायला सांगू नका. तिच्या फोनवर किंवा कुठल्याही खात्यात तुम्ही चोरून काही जोडून ठेवलं असेल, तर तिला सांगून तिच्यासमोर काढा. आणि समुपदेशकाकडे तुम्ही एकटे जा. जोडीनं जाण्याची घाई नको. ज्या घरात एकाला दुसऱ्याची धास्ती आहे, तिथे तिनं समुपदेशकासमोर खरं बोलावं आणि मग त्याच माणसाबरोबर घरी परतावं, ही अपेक्षाच धोक्याची असते. एवढं करूनही ती जायचं ठरवील. तो तिचा निर्णय असेल, तुमच्या सुधारण्याचं बक्षीस म्हणून ती थांबायला बांधलेली नाही.

प्रश्न : माझं वय ४४. नवरा मुळातच कमी बोलणारा. वाद झाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. तासाभरानं येतो आणि काही झालंच नाही असं वागतो. माझी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, ‘आई, हे टॉक्सिक आहे. बाबा तुला सायलेंट ट्रीटमेंट देतात.’ मला तसं वाटत नाही, पण आता सारखं डोक्यात येतं. तिचं खरं मानू का?

उत्तर : मुलीला माझा नमस्कार सांगा, डोळे उघडे ठेवून बघते आहे. पण या वेळी मी तुमच्या बाजूनं आहे.

वादात काही माणसांचं अक्षरशः डोकं बंद पडतं. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जोडप्यांना समोर बसवून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजत, त्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली. ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे गेले की समोरच्याचं ऐकून घेणं जवळपास थांबतं, आणि शरीर निवायला निदान वीसेक मिनिटं लागतात, असं तो सांगतो. तेव्हा उठून जाणं प्रत्येक वेळी शिक्षाच असते असं नाही. ते परत येतात. तुम्हाला तोवर नाकदुऱ्या काढाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी वेगळं मत मांडायला तुम्ही कचरत नाही, निदान पत्रावरून तरी तसं दिसतं. यातलं काही चुकत असेल तर पुन्हा लिहा, मग माझंही मत बदलेल.

राहिली ती ‘काही झालंच नाही’ असं वागण्याची खोड. ती त्रासाची आहे, धोक्याची नाही. त्यांना सांगा, जाताना ‘तासाभरानं बोलू’ एवढं म्हणून जात जा, आणि आल्यावर खरंच बोला. याच गॉटमननं नातं पोखरणाऱ्या ज्या चार सवयी सांगितल्या, त्यांत गप्प बसून भिंत होणं आहे खरं, पण सर्वांत घातक म्हणून त्यानं तुच्छतेकडे बोट दाखवलं आहे. डोळे फिरवणं, चारचौघांत नक्कल करणं, ‘तुला काय कळतंय’ म्हणणं. मुलीला म्हणावं, बाबांत ते दिसलं तर जरूर सांग.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. गर्लफ्रेंडशी पटत नाही. ती मित्रांसमोर अपमान करते, दोनदा कानाखाली मारली आहे. वेगळं व्हायचं म्हटलं की म्हणते, ‘मी जिवाचं बरंवाईट करून घेईन, आणि चिठ्ठीत तुझं नाव असेल.’ मित्रांना सांगितलं तर हसतात. म्हणतात, मुलीचा मार खातोस?

उत्तर : हसू देत. मार तो मार. मारणारी मुलगी आहे आणि तू अंगानं तिच्यापेक्षा थोराड आहेस, यानं त्यात काही बदलत नाही.

जिवाची धमकी कधीही नुसती धमकी समजायची नाही. पण ती ऐकून नात्यात राहायचं, हा त्यावरचा उपायही नाही. तू तिचा डॉक्टर नाहीस. ती असं बोलली की त्याच दिवशी तिच्या आईवडिलांना किंवा भावंडाला स्पष्ट सांग, ‘ती असं म्हणते आहे, तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.’ आत्ता या घटकेला ती काही करून बसेल असं वाटलं, तर आपत्कालीन सेवेला फोन कर. रात्रीबेरात्री एकट्यानं धावत जाऊ नकोस. ‘कुणाला सांगितलंस तर बघ’ असं ती म्हणेल. तरीही सांग. तिचे मेसेज पुसू नकोस. वेगळं होण्याचं बोलणं फोनवर किंवा चारचौघांच्या वर्दळीत कर, एकदाच कर, आणि तिच्या घरच्या कुणाला आधी कळवून ठेव. नंतर ‘शेवटचं एकदा भेट’ असा निरोप येईल. जाऊ नकोस. आणि तुझ्यासाठी एक मोठं माणूस शोध, जे हसणार नाही. मोठा भाऊ, मामा, शिक्षक, कुणीही.

प्रश्न : ताई, माझी धाकटी बहीण ३३ वर्षांची आहे. नवरा तिचा पगार स्वतःच्या खात्यात वळवून घेतो, फोन नेहमी स्पीकरवर ठेवायला लावतो. आमच्याकडे येणं कमी झालंच होतं. गेल्या आठवड्यात आली तेव्हा मानेवर वळ होते आणि आवाज बसलेला. विचारलं तर म्हणाली, ‘मस्करीत झालं.’ मी भडकलो, म्हटलं, ‘आत्ताच्या आत्ता बॅग भर, नाहीतर मला भाऊ म्हणू नकोस.’ ती निघून गेली. आता फोनही उचलत नाही. काय करू?

उत्तर : दादा, हे पत्र मी शेवटी छापते आहे, पण उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं आहे. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून इथे देते.

सुरुवातीच्या खुणांचा टप्पा इथे कधीच मागे पडला आहे. पगार, स्पीकर, माहेरचं येणं कमी होणं, त्या खुणा त्या होत्या. मानेवरचे वळ ही वेगळी गोष्ट आहे. गळा दाबणं हा छळातला एक प्रकार म्हणून इतरांच्या रांगेत बसवायचा नसतो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदारानं पूर्वी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका सातपटींहून जास्त असतो. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या संशोधक बाईंनी ऐंशीच्या दशकात अशा धोक्याचा अंदाज घेण्यासाठी एक प्रश्नावली बनवली, ती अनेक ठिकाणी वापरतात. त्यातही हा प्रश्न आहे. त्याच्या जोडीला, मारहाण अलीकडे वाढली आहे का, जिवे मारीन असं म्हटलं आहे का, घरात बंदूक आहे का, गरोदरपणात मारलं होतं का, रोजच्या बहुतेक गोष्टी तो ठरवतो का, असे प्रश्न आहेत. तुम्हाला यांतल्या जेवढ्यांची उत्तरं ठाऊक आहेत तेवढी लिहून काढा. हेल्पलाइनवर बोलताना लागतील.

दुसरी गोष्ट तब्येतीची. गळा दाबल्यावर बऱ्याचदा बाहेरून खूण दिसतही नाही. आतल्या रक्तवाहिनीला इजा झाली, तर त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनी उद्भवतो, अगदी पक्षाघातापर्यंत. बसलेला आवाज, गिळताना दुखणं, दम लागणं, डोळ्यांत लाल ठिपके, मधलं काही न आठवणं, यातलं एकही असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि तिथे ‘पडले’ वगैरे न सांगता गळा दाबला गेला असं सांगायला हवं. त्यावरून तपासणी बदलते.

तुमचा राग मी समजू शकते. पण ‘बॅग भर, नाहीतर’ या वाक्यात तिला आणखी एक हुकूम ऐकू आला, तोही ज्याच्याकडे आसरा मागायचा त्याच्याकडून. शिवाय तडकाफडकी निघणं हे वाटतं तितकं सुरक्षित नाही. नातं तोडतानाचा आणि तोडल्यानंतरचा काही काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला तेव्हा कळतं. म्हणून जायचं ते ठरवून, गुपचूप, आधी सोय लावून. तुम्ही मेहुण्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याची किंमत तुम्ही नाही, ती मोजेल, दार बंद झाल्यावर.

महिला हेल्पलाइनला तुम्ही स्वतः फोन करू शकता, नातेवाइकांचेही फोन ते घेतात. पोलिसांकडे कधी जायचं, आसरा कुठे मिळेल, पगाराचं खातं कसं वेगळं करायचं, हे तिथली माणसं टप्प्याटप्प्यानं सांगतात. तिच्या कागदपत्रांच्या प्रती, थोडे पैसे, एक जादा किल्ली, नेहमीची औषधं तुमच्याकडे ठेवायची तयारी करा. एखादा परवलीचा शब्द ठरवा, साधाच, की तो मेसेजमध्ये आला म्हणजे तुम्ही काही न विचारता पोलिसांना घेऊन तिथे पोहोचायचं. तिच्या फोनवर पाळत असेल, तर ती घाईघाईनं काढायला लावू नका. ती बंद झालेली त्याला लगेच कळेल. मदतीची शोधाशोध तिनं तुमच्या किंवा ऑफिसातल्या कुणाच्या फोनवरून करावी.

आणि एकदा समजावलं की ती येईल, असं धरून चालू नका. बाहेर पडलेल्या अनेक बायका त्याआधी परत परत गेलेल्या असतात. प्रत्येक परतीच्या वेळी तुम्ही चिडलात, तर पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाही, एवढाच फरक पडेल. त्याला तिच्यासमोर शिव्या देऊ नका, तिला त्याची बाजू घ्यावी लागते.

आज तिला मेसेज करा, मेहुणाही तो वाचेल हे गृहीत धरून. ‘त्या दिवशी मी उगाच चढ्या आवाजात बोललो. आईच्या कागदांवर तुझी सही हवी आहे, ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटं ये.’ बाकी काही नको. भेटल्यावर, दोघंच असताना, म्हणा, ‘तुझी मान मी पाहिली. तू काय ठरवायचं ते तुझ्यावर आहे. माझं दार रात्री दोनलाही उघडं आहे.’ भेटीची जागा अशी निवडा, की तिथून पाच मिनिटांवर डॉक्टर असेल.